बर्फाला घाम येईपर्यंत

औषधाची कुठलीही बाटली हातात आली की मी आधी ती हलवून उजेडात धरते. खोकल्याचं औषध असो, डोळ्यांत घालायचे थेंब असोत, नाहीतर दुकानातून आणलेलं गोडेतेल. तळाशी काय बसतं ते बघितल्याशिवाय टोपण उघडायचं नाही. माझे यजमान रेल्वेत गँगमन होते. ते म्हणायचे, "तू तं विहिरीचं पाणीही हालवून पाहशीन." मी म्हणायचे, पाहीन. विहिरीत काय पडलंय ते वरून दिसतं का?

ही सवय मला नोकरीने लावली. नव्व्याण्णव साली मी दरेकशाजवळच्या उपकेंद्रात नर्सबाई म्हणून रुजू झाले. लस ठेवायचा फ्रिज आरोग्य केंद्रात असायचा. तिथून निळ्या डब्यात चार बाजूंनी चार आईसपॅक उभे करायचे, मधे लसीच्या कुप्या ठेवायच्या, पट्टा खांद्याला अडकवायचा आणि जंगलातल्या टोल्यांवर, म्हणजे लहान लहान वस्त्यांवर, पायी जायचं. मला वाटायचं, डबा जेवढा गार तेवढी लस चांगली. पहिल्याच महिन्यात आमच्या सुपरवायझर बाईंनी माझं डोकं ठिकाणावर आणलं. फ्रीजरमधून काढलेला आईसपॅक लगेच भरायचा नसतो. तो बाहेर ठेवायचा. त्याच्यावरचं पांढरं बुर जाऊन त्याला घाम आला पाहिजे, कानाशी धरून हलवला तर आत थोडं पाणी वाजलं पाहिजे. मगच तो डब्यात जातो. नाहीतर त्रिगुणी लस गोठते, आणि गोठलेली लस मेलेली असते.

मेलेली लस दिसायला अगदी जिवंत लसीसारखी असते, ही गोष्ट माझ्या मनात जी रुतली ती रुतलीच. ती वितळली की कोणाला काही कळत नाही. बाळाला सुई टोचली जाते, बाळ रडतं, कार्डावर खूण होते, आई समाधानाने घरी जाते आणि बाळाच्या अंगात काहीच गेलेलं नसतं. ओळखायची एकच युक्ती होती. कुपी हलवून ठेवायची आणि थांबायचं. मेलेली असेल तर त्यात कणकण दिसतात आणि ते भराभर तळाशी बसतात. एकदा पावसाळ्यात दुसऱ्याच कोणी घाईने भरलेला डबा माझ्या हाती आला. डोंगर चढून टोल्यावर पोचले, कुपी हलवली तर कण खाली बसलेले. लांबून पोरं घेऊन आलेल्या बायांना मी परत पाठवलं. "बाईचं डोकं फिरलं," असं म्हणत त्या गेल्या. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा तोच डोंगर चढले, पण ती लस मी एकाही पोराला टोचली नाही.

घरी मुलगी बारा वर्षांची होती आणि मुलगा सहा. सुट्टीच्या दिवशी दोघं माझ्यासोबत आरोग्य केंद्रात यायची, तिथे आईसपॅक कोणी कानाला लावायचा यावरून त्यांची मारामारी व्हायची. "वाजून राहिलं, आई!" असं आधी जो ओरडेल तो जिंकला.

आता जीपची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मुलगा नऊ-दहा वर्षांचा असताना एक जीप आली. शहरातली माणसं होती, गळ्यात ओळखपत्रं. आमच्या भागात रक्ताचा एक आजार घराघरांत आहे, सिकलसेल म्हणतात त्याला, त्याची तपासणी करायची आहे असं म्हणाले. आमच्या बौद्ध वस्तीत आणि गोंडांच्या टोल्यांवर पोरांची हाडं दुखायची, डोळे पिवळे व्हायचे, हे मी रोज बघत होते. मला आनंदच झाला. लोक रक्त द्यायला भीत होते, तर मी दारोदार फिरले. "मी सांगून राहिली ना, रिपोर्ट येईल," असं म्हणत मी एकेकीचा हात धरून सुईखाली ठेवला. माझ्या पोरालाही बसवलं. जीप गेली ती गेलीच. रिपोर्ट आला नाही, चिठ्ठी आली नाही. त्यांनी दिलेल्या पत्त्यावर मी तीन पत्रं टाकली. नंतरची किती तरी वर्षं बाया मला हापशीवर अडवायच्या, "बाई, आमच्या रगताचं का झालं वो?" दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि माझं तर साऱ्या गावादेखत पोळलं होतं.

त्यात माझं घरचं नुकसान वेगळंच. जीपवाल्यांचा रिपोर्ट येईल म्हणून मी थांबले. पोराचे पाय दुखायचे तर तेल चोळत बसले. दोन वर्षांनी तो एकदा असा तडफडला की त्याला गोंदियाला न्यावं लागलं. तिथे तपासणी झाली आणि लाल कार्ड हातात आलं. लाल म्हणजे आजारी. आम्हा दोघांना पिवळी कार्डं मिळाली. अर्धा आजार माझ्या रक्तातून, अर्धा त्याच्या बाबांच्या रक्तातून गेला होता. मुलीला पांढरं कार्ड मिळालं. नर्सबाईच्या पोराचं निदान दोन वर्षं उशिरा झालं, याची लाज मला अजून वाटते. त्या दिवसापासून रक्त मागणारा कोणीही दिसला की माझ्या कपाळावर आठी पडते.

पांढऱ्या कार्डाची मुलगी हुशार निघाली. नागपूरला शिकली, मग पुण्याला एका मोठ्या प्रयोगशाळेत संशोधनाला लागली. काय करते ते ती फोनवर सांगायची, मला अर्धं कळायचं, आणि जे अर्धं कळायचं नाही त्यावर माझा संशय बसायचा.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, ढोलाच्या तालावर दंडारीचं लोकनाट्य होतं, लेकीबाळी आणि पाहुणे हटकून येतात. मुलगा वीस वर्षांचा होता त्या साली मंडईला मुलगी आली. त्याने तालुक्याला झेरॉक्सचं दुकान टाकलं होतं, कारण जड काम त्याला झेपत नव्हतं. दुपारी जेवणं झाल्यावर तो म्हणाला, "ताई, तू का बनवून राहिली ते मले नीट सांग."

तिने अंगणातलं पळसाचं पान घेतलं आणि काडी टोचून द्रोण केला. म्हणाली, "डीएनए म्हणजे शरीरातला लांब धागा, एवढंच धर. तो लांब धागा आम्ही घड्या घालून दुमडतो, आणि बारक्या बारक्या धाग्यांच्या काड्या टोचून जागच्या जागी पक्का करतो. अशी पेटी तयार होते. डोळ्याला दिसत नाही इतकी लहान. तिच्यात औषध भरायचं. औषध म्हणजे आरएनएचा तुकडा, तोही एक धागाच, पण पेशीला हुकूम देणारा. पेटीला झाकण आणि झाकणाला कुलूप. हाडाच्या आत जिथे रक्त तयार होते, तिथल्या पेशीवर किल्ली असते. पेटी तिथे पोचली की झाकण उघडते."

मुलगा द्रोणाकडे असा बघत होता जसं काही त्यात खीर वाढलेली आहे. मी विचारलं, "आणि पोचली नाही तर?"

"तोच तं सगळा घोळ आहे, आई. रक्तात कातऱ्या असतात, त्या धागे कापून टाकतात. त्यातून वाचली तर बरीचशी पेटी यकृतच अडवून ठेवते. आणि ही पेटी एका खास खारट पाण्यातच घट्ट राहते. रक्तात तेवढं मीठ नसते. मंग ती उसवते."

"म्हणजे गोंदियाहून निघालेला माल तालुक्यातच मुरला," मी म्हटलं. "टोल्यावर का पोचलं?"

ती हसली. "तुले माझ्या सरांपेक्षा लवकर समजलं. अजून उंदरांतच चालू आहे. माणसापर्यंत यायला किती वर्षं लागतील, येईल की नाही, मी सांगू शकत नाही." मग आवाज बदलून म्हणाली, "सिकलसेलवाल्या माणसाच्या रक्तात पेटी किती वेळ टिकते ते पाहायचं आहे. त्यासाठी ताजं रक्त लागते. कमिटीची परवानगी आहे. बाबू तयार असेल तं..." असं म्हणत तिने भावाकडे पाहिलं.

तिथे मला पाणी मुरताना दिसलं. लेक मंडईला आली असं मी समजत होते. ती रक्त न्यायला आली होती.

मी फार बोलले. तिच्या सरांना बोलले, कमिटीला बोलले, न पाहिलेल्या कंपन्यांना बोलले. फॉर्म मराठीत होता, मी चष्मा लावून दोनदा वाचला आणि प्रत्येक ओळीत खोट शोधली. नळीवर नाव राहणार नाही, फक्त क्रमांक राहील असं लिहिलं होतं. मी म्हटलं, "पाहा, नावही ठेवत नाहीत. मंग रिपोर्ट कोणाच्या घरी पाठवशीन?" ती म्हणाली, "रिपोर्ट नसतोच याचा, आई. हे त्याच्या इलाजासाठी नाही. खोटं कायले सांगू?" खरं बोलली म्हणून मी तिच्यावर जास्त चिडले.

मग मुलगा म्हणाला, "आई, हे रगत मले वीस वर्षांपासून निस्तं दुखवून राहिलं. एखांद्या वेळेस कोणाच्या कामी येऊन राहिलं तं येऊ दे ना. तू कायले अडवून राहिली?" आणि त्याने सही केली. तो सज्ञान होता, माझा अंगठा कोणी मागितलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त मीच काढलं, कारण त्याची शीर माझ्याशिवाय कोणाला सापडत नाही. इतक्या वर्षांच्या सुयांनी ती दबून गेली आहे. पहिल्या टोचणीत आली नाही, दुसऱ्यात आली. तो दात आवळून हसला. मुलीने थर्माकोलचा डबा आणला होता. मी म्हटलं, "या डब्यावर माझा भरवसा नाही. माझा निळा डबा घेऊन जा." तो जुना, कडी तुटलेला, कामातून काढलेला डबा आईसपॅकसकट घरी होता. ती खूश झाली. "मंग भरतेस का तू? मी कपडे भरतो तोपर्यंत," असं म्हणाली आणि आत गेली. आमच्याकडे पोरीही लहानपणी लाडाने 'भरतो, जातो' म्हणतात, ती अजून म्हणते.

मी एकटी ओसरीवर बसले होते. फ्रीजरमधून चार आईसपॅक काढले. त्यांच्यावर पांढरं बुर होतं, बोटाला चिकटत होतं. ओट्यावर मांडून बसायचं, घाम येईपर्यंत थांबायचं, हे माझे हात झोपेतही करतील. मी थांबले नाही. तसेच्या तसे डब्यात उभे केले. नळीभोवती गुंडाळायचा कपडा बाजूला ठेवला आणि नळी सरळ बर्फाला टेकवून झाकण लावलं.

हे मी चुकून केलं नाही. रक्त गोठलं की त्याच्या पेशी फुटतात आणि नुसतं लाल पाणी उरतं, हे मला चांगलं माहीत होतं. मला तेच हवं होतं. माझ्या पोराचं रक्त जीपमध्ये बसून कुठेतरी नाहीसं होण्यापेक्षा माझ्या हाताने मेलेलं बरं, असं मला त्या वेळी वाटलं. उलट आपण फार शहाणपणा केला असंही वाटलं. मुलगी सकाळच्या पॅसेंजरने गोंदियाला गेली, तिथून पुण्याच्या गाडीत बसली. मुलगा तिला पोचवायला स्टेशनवर गेला होता. डबा त्याने दोन्ही हातांत धरला होता, आजारी माणसाने जड उचलू नये हे त्याला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

दोन दिवसांनी फोन आला. फोन स्पीकरवर होता, मुलगा शेजारीच बसला होता. "सँपल खराब निघालं," ती म्हणाली. "माझीच चूक झाली. गाडीत डबा नीट ठेवला नाही मी. सर खूप रागावले. आता सँपल आणायचं काम दुसऱ्याकडे दिलं." मुलगा म्हणाला, "जाऊ दे ताई, मी पुन्हा देईन." मी उठून चुलीकडे गेले. दूध उतू जात नव्हतं, तरी मी भांडं उतरवलं.

त्या दिवशी बोलायला हवं होतं. बोलले नाही. उलट संशय घेत बसले की ती खरंच स्वतःची चूक समजते, की मला ओळखून आहे? फोन आला की तिच्या आवाजात मी काहीतरी शोधायचे. तळाशी कण बसतात का ते बघायचे. काही दिसायचं नाही. ती नेहमीसारखीच विचारायची, जेवलीस का, बाबूची गोळी चालू आहे ना. मुलगा मात्र अधूनमधून म्हणायचा, "दोनदा रगत दिलं आन् वाया गेलं." तो जीपचं रक्त धरून दोनदा वाया गेल्याचं म्हणत होता. पहिल्या वेळी ज्यांनी घालवलं त्यांना मी वर्षानुवर्षं शिव्या दिल्या होत्या. कुंपणानेच शेत खाल्लं, असं मी त्यांच्याबद्दल हापशीवर सगळ्यांसमोर म्हणत असे. आता ते शब्द आठवले की माझी मलाच शरम वाटायची.

पुढच्या पावसाळ्यात मुलगा आठ दिवस दवाखान्यात होता. दुखणं उठलं की तो भिंतीकडे तोंड करून झोपतो, आवाज करत नाही. मी त्याचे पाय दाबत होते तेव्हा तो म्हणाला, "ताईच्या पेटीचं का झालं असंन?" मी म्हटलं, "काम चालू आहे." तो म्हणाला, "माझं रगत टिकलं असतं तं तिले तेवढंच पुढं जाता आलं असतं." मला तिथेच रडू आलं. त्याला वाटलं त्याच्या दुखण्यानेच रडते आहे.

मंडईला मुलगी आली. या वेळी तिच्यासोबत नवा डबा होता, नव्या नळ्या होत्या, आणि काम पुन्हा तिच्याकडे आलं होतं. सकाळी ओसरीवर तिघंच होतो. यजमान ड्यूटीवर गेले होते. मुलाने बाही वर केली. मी सुई हातात घेतली आणि खाली ठेवली.

"मागच्या वेळेस मी बर्फाले घाम येऊ देला नाही," मी म्हटलं. "जाणून. रगत मी मारलं."

मुलीने मान वर केली नाही. नळीवर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवत म्हणाली, "मले मालूम आहे."

"कसं मालूम?"

"नागपूरले झाकण उघडून पाहिलं. आईसपॅकवर बुर होतं आणि नळी त्याले चिकटून बसली होती. तू भरलेल्या डब्यात मी जिंदगीत बुर पाहिलं नाही, आई."

"मंग बोलली काऊन नाही?"

"का बोलू? बाबू बाजूले बसून ऐकून राहिला होता." एवढं म्हटल्यावर तिचा आवाज फुटला. वर्षभर सरांची बोलणी तिने माझ्या वाटची खाल्ली होती, आणि मी तिच्या आवाजात खोट शोधत होते.

मुलाने बाही खाली केली, चप्पल घातली आणि मंडईच्या गर्दीकडे निघून गेला. मी त्याच्यामागे गेले नाही. मुलगी म्हणाली, "जाऊ दे त्याले. आला तं आला, नाही तं नाही. त्याचं रगत आहे." आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. दंडारीच्या ढोलाचा आवाज येत होता. तिच्या गाडीची वेळ जवळ येत होती आणि नळी रिकामीच होती. मी तिला चहा दिला, तो तिने घेतला. तेवढंही पुष्कळ होतं.

तो तासाभराने आला. माझ्यासमोर बसला, बाही वर केली, हात पुढे केला. "घे," म्हणाला. "शीर तुलेच सापडते. पण डबा मी भरीन."

पहिल्याच टोचणीत शीर सापडली. नळी त्याने माझ्या हातातून घेतली आणि कपड्यात गुंडाळली. फ्रीजरमधून चार आईसपॅक काढून त्याने ओट्यावर ओळीने मांडले आणि त्यांच्याकडे बघत बसला. मी लांबूनच बघत होते. हळूहळू बुर गेलं, मग बारीक थेंब आले, मग ओट्यावर पाणी उतरलं. मी म्हटलं, "आला घाम. भर आता, बाबू."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. एक आईसपॅक उचलून कानाशी नेला, हलवला, आत पाणी वाजल्याची खात्री करून घेतली, आणि मग डब्यात ठेवला. दुसरा उचलला, तोही कानाशी नेला. चारही तसेच भरले.